नानाशेटची हजेरी

आमचे शेजारी नानाशेट रोज सकाळी, चहाच्या आधी, मेलेल्या माणसांची हजेरी घेतात. ओटीवर लाल मखमल अंथरून जुनी लष्करी पदकं मांडायची, डोळ्याला सोनाराचं भिंग लावायचं आणि पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव मोठ्यानं पुकारायचं. "शिपाई भागोजी राणे!" मग स्वतःच, जरा जाड आवाज काढून, "हजर!"

सत्तावीस पदकं, सत्तावीस हजर. रत्नागिरीतल्या झाडून सगळ्या सोनारांना त्यांची ताकीद आहे, "असलं काही मोडीत आलं तर आधी मला हाक मारा." एकदा मी चहाचा कप मखमलीवर टेकवला, तर केवढ्यानं ओरडले, "अहो मास्तर, सुभेदारांच्या छातीवर कप ठेवलात!"

शेवटी एक नाव मात्र ते पदकाशिवाय पुकारत. "शिपाई गोविंद शिंदे!" आणि त्याला हजर म्हणत नसत.

"रजेवर आहेत वाटतं?" मी थट्टा केली. नानाशेट हसले नाहीत.

"त्यांना मी मुशीत घातलं, मास्तर."

ऐन विशीत ते घरच्या सोनारीच्या दुकानावर बसत, तेव्हा राजापूरकडची एक म्हातारी नवऱ्याचं पदक घेऊन आली. नातवाच्या बारशाला त्या चांदीचे वाळे हवे होते. वितळवण्याआधी म्हणाली, "कडेला नाव हाय ता एकदा वाच. माज्या तोंडानं घेववत नाय." नानाशेटनी वाचलं. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं ऐकलं आणि म्हणाली, "हां. आता टाक."

तिचं घर त्यांना कधीच सापडलं होतं, पण जायचा धीर होत नव्हता. "काय सांगू? तुमचा आजा वितळवला?" गेल्या महिन्यात मीच त्यांना ओढून एसटीत बसवलं.

दार उघडलं ते बारशाच्या त्याच नातवानं, आता साठीला टेकलेल्या. नानाशेटनी हात जोडून एका दमात सगळं सांगून टाकलं. तो आत गेला आणि आपल्या तान्ह्या नातीला घेऊन आला. तिच्या पायांत घुंगरांचे वाळे होते.

"म्हातारीनं सांगून ठेवलान, घरातल्या दर पोराच्या पायात हेच घालायचे. आजोबा घरात फिरते रव्हले पायजेत."

नानाशेटनी खिशातून भिंग काढलं आणि सवयीनं वाळ्यावर नाव शोधू लागले. तिथं कुठलं नाव! तरी त्यांनी वाचलंच, "शिपाई गोविंद शिंदे!"

पोरीनं पाय झाडला. घुंगरू वाजले. पुढचा जाड आवाज काही नानाशेटच्या गळ्यातून फुटेना. शेवटी मीच म्हटलं, "हजर."