सर्व्हरला कारणे दाखवा नोटीस

लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या दाखला केंद्रातला डेटाबेस सर्व्हर वरिष्ठांचे आदेश मानत नाही, ही गंभीर बाब सोमवारी निदर्शनास आली. शंभर जण आत असले की एकशेएकाव्याला तो दारातूनच परत पाठवी. म्हणून संगणक अधिकारी उल्हास कानिटकर यांनी त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये शंभराचे पाचशे केले. सर्व्हर आपला शंभरावरच ठाम.

कानिटकरांचा जीव टांगणीला लागला. रविवारी साताऱ्यात त्यांच्या पहिल्या नातीचं बारसं होतं, आणि संचालक राघव बाजपेयींनी बजावलं होतं, "पहले सर्वर, फिर सातारा."

साहेबांनी फाइल स्वतः पाहिली. "साफ पाँच सौ लिखा है. मानता क्यों नहीं?"

"सर, यह फाइल सिर्फ चालू होते वक्त पढ़ता है. एक बार बंद करके..."

"बंद?" साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. भिंतीवर 'अखंड सेवा' पुरस्काराची ढाल होती. सर्व्हर कित्येक वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता आणि साहेबांची बढती त्याच भांडवलावर उभी होती. तेव्हा बंद करणं अशक्य. समजावणं शक्य होतं.

मग त्या आकड्याखाली 'तत्काळ प्रभावाने' अशी ओळ घालण्यात आली. तिच्याखाली 'संचालकांच्या आदेशावरून'. तरी ढिम्म! अखेर सर्व्हरला कारणे दाखवा नोटीस निघाली. तो ती स्वीकारेना, म्हणून पंचांसमक्ष त्याच्या कपाटावर डकवली. चौकशी समिती बसली, समोसे आले. निष्कर्ष असा: सदर सर्व्हरने रुजू होताना एकदा नियम वाचले, त्यानंतर फाइल उघडलेली नाही, हे वर्तन कार्यालयीन प्रथेस धरूनच आहे. सर्व्हर निर्दोष सुटला. मग दोषी कुणीतरी हवाच, तेव्हा कानिटकरांची रजा नामंजूर झाली.

घरी हेमाताई भडकल्या. "अहो, नात तुमची की त्या डबड्याची? बटण दाबा आणि चला!"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळं ऑफिस गच्चीवर उन्हात शेंगा सोलत बसलेलं असताना, कानिटकरांनी देवाचं नाव घेऊन सर्व्हर बंद केला आणि पुन्हा चालू केला. त्यानं उठल्याउठल्या फाइल वाचली. पाचशे मंजूर! कानिटकरांना अक्षरशः रडू फुटलं.

तेवढ्यात साहेब धावत आले. "कानिटकरजी, यह क्या कर डाला! रेकॉर्ड टूट गया!"

जागच्या जागी निलंबन झालं. आता कानिटकरांना काम काहीच नव्हतं. पण निलंबित कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नसतं. नातीचं बारसं त्यांनी फोनवर पाहिलं. पाळणा म्हणताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. साताऱ्याकडच्यांना वाटलं, नेटवर्क.

पुढं चौकशीत भलतंच निघालं. सर्व्हर बंद असताना खिडकीवर रांग होती, पण एकही तक्रार नाही. खिडकीवरच्या बाबूनं नेहमीप्रमाणे "सर्वर डाउन है, कल आइए" म्हटलं होतं. हे वाक्य तो सर्व्हर धडधाकट चालू असतानाही रोज म्हणतो. त्यामुळं फरक कुणालाच कळला नाही. तक्रार नाही म्हणजे खंड नाही, असं ठरलं. रेकॉर्ड शाबूत राहिला, साहेबांना बढती मिळाली. निलंबनाचा कागद मात्र वर गेलेला असल्यानं परत येऊ शकला नाही.

यंदाही पुरस्कार आम्हालाच आहे. त्या रांगेत तुम्हीही होतात, आणि मुकाट्यानं घरी गेलात. सत्काराला जरूर या. नारळ तुमच्यासाठीही ठेवलाय.