कपाटात कोंडलेला आवाज

आज गिटारचा असा काही आवाज रेकॉर्ड करायचा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलतील, आणि घरात मात्र कुणाला चाहूलही लागणार नाही, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती. बजावत होती म्हणजे धीर देत होती. कारण तिला भीती सगळ्याचीच वाटायची. बाळ झोपेतून उठेल याची भीती, आणि फार वेळ उठलं नाही तर त्याची त्याहून जास्त!

पण बेत पक्का होता. मेटल संगीत म्हणजे आवाज फाडणाऱ्या गेनचं बटण शेवटपर्यंत पिळायचं, हा नवशिक्यांचा समज. त्यानं गिटार डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखी वाजते. तिनं गेन निम्म्यावर आणला. पिकही जाड घेतलं. पिक म्हणजे तारा छेडायचा नखाएवढा तिकोनी तुकडा, तिचा पांढराशुभ्र होता. पातळ पिकानं तारांना नुसत्या गुदगुल्या होतात! मग अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका उचलून थेट कपड्यांच्या कपाटात ठेवला, त्याच्या तोंडाशी माइक लावला, भोवती रजया आणि नवऱ्याचे कोट कोंबले आणि दार लावून घेतलं. आत वादळ, बाहेर कुजबुज!

"अगं, त्या बिचाऱ्या खोक्याला श्वास तरी घेऊ दे," सासूबाई दारातून म्हणाल्या. सासूबाईंचा आवाज म्हणजे जात्यात खडी भरडल्यासारखा. त्या देवासमोर पुटपुटल्या तरी शेजारीण "मला म्हणालात?" म्हणून विचारायची.

"आई, हळू ना! बाळ दचकेल."

"माझ्या आवाजाला दचकायचं असतं तर पहिल्याच दिवशी दचकलं असतं."

संध्याकाळच्या आत ड्रमवाल्याला तुकडा पाठवायचा होता. कॉलेजातला तिचा बँड पुन्हा उभा राहत होता. तेव्हा तिला 'यार' म्हणणारा हा प्राणी हल्ली 'वहिनी' म्हणायचा, यातच काय ते आलं. "नाही जमलं तर राहू द्या हं वहिनी. बाळ आहे तुमचं. गॅरेजवाल्याचा भाऊ गिटार घेऊन तयारच आहे." ते 'तुमचं' तिला फार लागलं होतं. गिटार सुटली की आपण नुसती दुपट्यांच्या घड्या घालणारी बाई उरणार!

बाळाला चटईवर उशांच्या तटबंदीत बसवलं, एक कान उघडा ठेवून हेडफोन चढवला, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला आणि वाजवलं. अहाहा! काय आवाज! लोखंडी दरवाजा धाडकन लागावा तसा! आणि त्याच्या शेपटीला... खर्रर्रर्र.

कपाटाची बाजू भिंतीला लागून थरथरत होती. ती धावली. फटीत कागदाची घडी घातली, खर्रर्र. बाळाचा मोजा घातला, खर्रर्र. चमच्याचा दांडा घातला, हाताला लागेल ते खुपसत सुटली, आणि शेवटी एकदाची थरथर थांबली. विजयी मुद्रेनं ती जागेवर आली, हात उचलला... हातात पिकच नव्हतं!

खिशात नाही. पलंगावर नाही. जमिनीवर नाही. तिनं चटईकडे पाहिलं. बाळ काहीतरी चावत होतं. शांतपणे, गंभीरपणे, एखाद्या परीक्षकानं पेपर तपासावा तसं.

बाळाच्या तोंडात पिक?

नाही, कपाटातच पडलं असेल! असलंच पाहिजे! तिनं गळ्यातल्या गिटारीसकट दार उघडलं. उघडा अ‍ॅम्प आणि गिटार समोरासमोर आले की काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण त्या घटकेला तिला स्वतःचं नावही आठवलं नसतं! गिटार सापळ्यात सापडलेल्या लांडग्यासारखी विव्हळू लागली. तिनं डोकं रजयांत खुपसलं आणि नेमकी माइकच्या तोंडाशी किंचाळली, "पिक कुठाय? गिळलं! बाळानं गिळलं! आईऽऽ!"

सासूबाई धावत आल्या, बाळाला उचलून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. "काय गिळलं?"

"तुकडा! पांढरा! तिकोनी!"

"अगं, आधी ते भूत बंद कर!"

"आई, त्याचं तोंड उघडा!"

बाळानं तोंड तिजोरीसारखं मिटून घेतलं. तिनं कसंबसं बोट आत घातलं. "आहे! टणक आहे! टोक लागतंय! हिरडीत रुतलंय, आई! निघत नाहीये! निघतच नाहीये!"

बाळानं भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला कोपरानं बाजूला सारलं, स्वतःचं बोट घातलं, क्षणभर थांबल्या आणि गरजल्या, "दात! अगं, दात आहे तो! दात आला! दाऽऽऽत!"

गिटारीचं बटण बंद झालं. खोलीत फक्त हुंदके उरले, त्यांतले बरेचसे तिचेच. रोज टॉर्च लावून बाळाचं तोंड तपासणारी ती, दोन दिवस अ‍ॅम्पच्या नादी लागली आणि पहिला दात न विचारता येऊन बसला!

"आणि हे काय भिंतीत खोचलंयस?" सासूबाईंनी विचारलं. मोजा आणि चमचा यांच्यामध्ये, तिनंच स्वतःच्या हातानं ठोकलेलं पिक!

तेवढ्यात फोनवर ड्रमवाल्याचा मेसेज आला. "वहिनी, राहू द्यायचं का?" घाईघाईनं तिनं रेकॉर्डिंगचे दोन तुकडे केले, सुरुवातीचा पाठवला, किंकाळ्यांचा पुसून टाकला. उत्तर लगेच आलं.

"यार!! हा टोन काढलास कसा? गिटार जिवंत जळतेय!"

यार! तिची छाती फुगली. मग तिनं पुढचं वाचलं.

"आणि शेवटी 'दात! दाऽऽत!' करणारा कोण पकडलास? असला घसा मी जन्मात ऐकला नाही! रविवारी त्याला घेऊनच ये. जमलं तर गिटारही आण."

घाईत तुकड्यांची अदलाबदल झाली होती, किंकाळ्यांचाच गेला होता.

"काय म्हणतोय गं तुझा ड्रमवाला?" सासूबाई बाळाच्या दातावर चमचा टिकटिक वाजवत म्हणाल्या.

"काही नाही... आई, रविवारी वेळ आहे तुम्हाला?"

"बाळाला सांभाळायला? आहे की!"

"नाही," ती चाचरत म्हणाली, "बाळाला मी सांभाळीन."