दयारामशेठची वलांडी

वर्गणी मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने, पण भरपूर उपदेशासह परत पाठवावे तर ते दयारामशेठनीच. घाटावरून येऊन त्यांनी रेवदंड्यात किराण्याचे दुकान थाटले होते. पैसा देण्याआधी तो जातो कुठे ते बघावे, असे त्यांचे ठाम मत होते आणि ते बघता बघता पैसा गल्ल्यातच राही!

त्या हिवाळ्यात वाऱ्याने नीराबाई कोळणीची वलांडी, म्हणजे बोंबील टांगून वाळवायचा बांबूंचा मांडव, पार झोपवली. बाई विधवा, पदरात दोन लेकरे, आणि ओले बोंबील तर दिवसात नासणारे. कोळीवाड्याने वर्गणी काढली.

"रोख देणार नाही," शेठ म्हणाले. "तिचा दीर दारूत घालील. वलांडी मी स्वतः उभारून देतो."

माणूस मनाने खरोखर चांगला होता, हीच तर अडचण होती!

बांबू त्यांनी निवडले, दोर घासाघीस करून आणले. कोळ्यांच्या वलांड्या वरच्या अंगाला दाटीवाटीने उभ्या, माशांनी भरलेल्या. खाली मात्र सपाट, मोकळी वाळू. इतकी झकास जागा या लोकांना दिसू नये, याची शेठना कीव आली. त्यांनी तिथेच खड्डे खणायला घेतले.

नीराबाई चाचरत म्हणाली, "शेट, परवा आमूशा हाय."

झाले! शेठनी अंधश्रद्धेवर व्याख्यानच झोडले. देवाने सगळे दिवस सारखेच केले आहेत, अमावस्येला घाबरायचे दिवस गेले, आता स्वराज्य आले आहे, वगैरे वगैरे. म्हातारा काळूराम तांडेल मध्ये बोलू पाहत होता, त्यालाही शुभ-अशुभाचे खूळ सोडायला बजावले. देणाऱ्याशी नीराबाई वाद कसा घालणार? माल घरात नासण्यापेक्षा परवापर्यंत वाळला तर वाळला, म्हणून तिने उधारीवर घेतलेले सगळे बोंबील टांगले.

अमावस्येच्या दुपारी समुद्राला उधाण आले. दर अमावस्येला येते, हे गावात फक्त शेठना ठाऊक नव्हते. पाणी थेट त्या झकास जागेवर चढले. शेठ धोतर खोचून धावले आणि त्यांनी मधल्या बांबूला मिठी मारली. बांबू निघाला, त्याच्याबरोबर शेठही निघाले! काळूरामने त्यांना कमरेला धरून ओढून आणले. बोंबील मात्र जिथून आले होते तिथे परत गेले.

नीराबाई वाळूत बसून रडली. ते बघून शेठना रात्रीचे जेवणही सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बाई, चूक सर्वस्वी माझी. आजच नवी वलांडी बांधतो. तुम्ही म्हणाल तिथे बांधतो. या खेपेला बोंबीलसुद्धा मीच टांगतो."

नीराबाईने घाईघाईने हात जोडले.

"नको शेट, रोकडच द्या. तुमची मदत आमाला परवडत न्हाय."