हिरव्या ओठांचे आपले लोक

"अहो, ओठांना काय फासून आलात?" बायकोने विचारलं, तेव्हा टीसीसाहेब लॉजच्या जेवणघरात खुर्चीवर नुकते कुठे टेकले होते.

टीसीसाहेब म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. नोकरी संपली, हाक तेवढी राहिली. त्यांनी ओठांवरून बोट फिरवलं, तर बोट आधीच हिरवं. मग दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. चौकट ओल्या हिरव्या ऑइलपेंटने चकाकत होती आणि उजव्या बाजूला बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. 'रंग ओला आहे' अशी पाटी मालकिणीने लावली होती, नाही असं नाही. पण ती लावली होती दारावर, आणि दार उघडून भिंतीला टेकवलं होतं, त्यामुळे ती वाचायची सोय फक्त भिंतीला होती.

"लॉजच्या दाराला कुठे मेझुझा असतो का?" बायको म्हणाली.

"हात गेला सवयीने. काय करू?"

सवय जन्माची. ज्यू माणसाच्या घरी दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा असतो, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी घातलेली बोटभर डबी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि तीच बोटं ओठांना टेकवायची. टीसीसाहेबांचा हात बँकेत, दवाखान्यात, केशकर्तनालयात, कुठेही उजवीकडे जायचा.

प्रवासात त्यांना आणखी एक खोड होती, आपला माणूस शोधायची. रांगेत उभं राहून शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या पवित्र सुट्टीचं, गाणं गुणगुणायचं आणि कोणाची मान डोलते का ते बघायचं. समोरच्याचं आडनाव विचारायचं, आणि तेवढ्याने समाधान झालं नाही तर त्याच्या आईचं माहेरचं. बायको अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायची. या सहलीत तर शोधाला जास्तच जोर होता, कारण लेक चौतिशीला आली होती आणि जावई आपल्यातलाच हवा या एका हट्टापायी त्यांनी चांगली चांगली स्थळं घालवली होती. आपल्यातली मुलं मूठभर, त्यातली निम्मी नात्यातली. लेक हल्ली विषय निघाला की उठूनच जायची. आजही ती सगळ्यांच्या आधी चहा घेऊन फिरायला निघून गेली होती.

तेवढ्यात एक दंतवैद्यबाई आत आल्या. गळ्यात चष्मा, काखेत वर्तमानपत्र आणि ओठ हिरवेगार.

टीसीसाहेब उठून उभे राहिले. "शालोम?" त्यांनी तिकीट मागावं तसं हळूच विचारलं.

बाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "अय्या, तुम्हीपण?"

अर्धा कप चहा संपायच्या आत बाईंची मावशी टीसीसाहेबांच्या चुलत मामाच्या घरात दिलेली निघाली. टीसीसाहेबांना आनंदाने काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी आणखी टोस्ट मागवले. टोस्टऐवजी ब्रश घेऊन मालकीण आली.

"माझ्या चौकटीवर हात कोणी मारला?"

"मी," टीसीसाहेब म्हणाले.

"आणि मी," दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"दोघं ना? मग ही तिसरी बोटं कोणाची?"

"तिसरा पण आहे?" टीसीसाहेबांचा चेहरा उजळला.

"अहो, मी भांडतेय तुमच्याशी."

"भांडा की. पण आधी तिसरा शोधा."

तिसरा शोधावा लागला नाही. मागच्या बागेकडचं दार ढकलून काल संध्याकाळीच उतरलेला एक तरुण सर्वेअर आत आला. त्याचे ओठ हिरवे होते, जरा वाकडेतिकडे, पण हिरवे. टीसीसाहेबांनी त्याला मिठीच मारली आणि ओढत आणून शेजारी बसवलं.

"आपलेच ना?"

"हो... म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

"लाजतो बघा किती," टीसीसाहेब दंतवैद्यबाईंना म्हणाले. "लग्न?"

तरुणाने घाम पुसला. "मनात आहे. पण मुलीचे वडील ऐकायचे नाहीत."

"अशा वडिलांना अक्कल नसते. सोडा तो नाद. आमची लेक बघा."

"बघतो की," तरुण म्हणाला, आणि इतक्या चटकन म्हणाला की बायकोने चहाची किटली खाली ठेवली. टीसीसाहेब तोवर त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून आशीर्वाद पुटपुटत होते.

"हात दाखवा बरं," बायको म्हणाली. तरुणाने दाखवले. दहाही बोटं स्वच्छ. "बोटं कोरी आणि ओठ रंगलेले? मग रंग आला कुठून?"

"हल्ली मुली ओठांना कुठलाही रंग लावतात," तरुण गडबडला, "मला वाटलं हिनेही..." आणि तिथेच थांबला. दंतवैद्यबाईंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

दारात लेक उभी होती. बोटं हिरवी, ओठ हिरवे. तिने खोलीभर नजर फिरवली आणि तिला सगळं कळलं.

"बाबा, मी आज सांगणारच होते." तिचा आवाज कापत होता. "म्हणूनच हे लॉज मी ठरवलं. हा आमच्या ऑफिसातला. आपल्यातला नाही. पण मला दुसऱ्या कोणाशी लग्न करायचं नाही."

टीसीसाहेबांनी लेकीचे ओठ पाहिले, पोराचे ओठ पाहिले, मग ती कोरी बोटं पाहिली. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उभ्या नोकरीत त्यांनी विनातिकीट माणूस कधी सोडला नव्हता. पण चौतीस वर्षांत लेकीला इतकं घाबरलेलंही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि ती घाबरली होती ती त्यांनाच. पोराच्या डोक्यावरचा हात अजून तिथेच होता. तो त्यांनी काढला नाही.

"हात धुतले असतील त्याने," ते दंतवैद्यबाईंकडे वळून म्हणाले. "खायला बसायच्या आधी आपले लोक हात धुतातच."

"ऑइलपेंट आहे तो," मालकीण म्हणाली. "पाण्याने नाही जात. रॉकेल लागतं."

"मग रॉकेलने धुतले असतील," टीसीसाहेब म्हणाले. "तुम्ही आधी जावईबापूंना चहा द्या."