बंदुकीची मुसकी

बंदुकीकडून माणसाच्या दोनच अपेक्षा असतात : तिनं वाजावं आणि तिनं लागावं. यातली मोठी कोणती, यावर जाणत्या लोकांत एकमत नाही. फौजेत दुसरीला मान आहे, वरातीत पहिलीला. आमच्या माळखड्याला मात्र एका उन्हाळ्यात अशी बंदूक हवी झाली, की जी वाजणार नाही आणि लागणारही नाही. आणि ती मिळाली. गावानं एकदिलानं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे पुढच्या पिढीला कळावं म्हणून ही हकीकत सांगतो.

आपला जिल्हा निजामाकडून हैदराबाद राज्यात आणि तिथून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा हा उन्हाळा. (जिल्हा एवढा हिंडला, पण माळखडा येडशी स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर होता तिथंच राहिला.) रामलिंगाच्या डोंगरातली झाडं वाळली की वानरं गावात उतरत. त्यांना माणसांचं काही नको असे. फक्त धुरपताबाईच्या कुरडया हव्या असत.

धुरपताबाई ही विधवा बाई. उन्हाळाभर गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालायची, माळवदावर वाळवायची आणि बार्शीच्या दुकानदारांना विकायची. वर्षाची भाकर त्या दोन महिन्यांतून निघे. वानरांना कुरडई ओलीच आवडे, त्यामुळं ती वाळेपर्यंत थांबण्याचा प्रश्न नव्हता.

तिनं पंचायतीकडं दरखास्त दिली. सरपंच शांतलिंगअप्पा यांनी 'दरखास्त हा शब्द मागच्या राज्यातला आहे' म्हणून ती परत केली. तिनं तोच कागद 'अर्ज' म्हणून पुन्हा दिला. तो मंजूर झाला.

गावात बंदूक एकच होती. मार्तंडरावांची. मार्तंडराव निजामाच्या वेळी तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते. पेन्शनीत आले तेव्हा हैदराबादेहून छऱ्याची हवाई बंदूक घेऊन आले. बायको वारलेली, लेक सासरी. त्यामुळं घरात बोलायला ही बंदूकच. नेम असा, की झाडावरची एकेक चिंच सांगून पाडत. पंचायतीनं त्यांना 'मानद वानरनिवारक' नेमलं आणि एकच अट घातली : वानराला छरा लागता कामा नये. वानर म्हणजे मारुतीचं रूप. तेव्हा मार्तंडरावांनी वानराशेजारी वीतभर अंतरावर नेम धरायचा आणि तो चुकू द्यायचा नाही. म्हणजे चुकायचं, पण अचूक चुकायचं. एवढ्या बारीक कामाला पेशकारच हवा होता.

काम झकास चाललं. बंदूक 'फट्ट' वाजे, शेजारच्या भिंतीची माती उडे, वानरं पळत, धुरपताबाई वरून म्हणे, "जिवंत ऱ्हावा पेशकारसाब!" मार्तंडराव नळी पुसत आणि ऐकलंच नाही असं दाखवत. अलीकडं ते दाढीही रोज करू लागले होते.

अशात डाकबंगल्यावर साहेब आले. साहेब एका खात्याचे होते. (कोणत्या, हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण जीप होती.) ग्रामीण भागातल्या सुखासमाधानाची पाहणी करायला ते उन्हाळाभर मुक्कामाला होते आणि शाळेची दुसरी खोली मंजूर करणं त्यांच्या हातात होतं. आमची शाळा एका खोलीत चार वर्ग बसवी. तिसरीतली पोरं पहिलीचं आणि चौथीचं मिळून शिकत आणि दोन्हीत नापास होत. त्यामुळं साहेबांना काय हवं नको ते गाव बघत होतं. साहेबांना दुपारची झोप हवी होती. आणि वानरं दुपारीच येत.

साहेबांची चिठ्ठी आली : आवाज बंद व्हावा.

बंदूक बंद करा, असं साहेबांनी म्हटलं नव्हतं. शांतलिंगअप्पांनी चिठ्ठी तीनदा वाचून खात्री केली. एखाद्या कमी बुद्धीच्या सरपंचानं बंदूकच बंद केली असती. अप्पांनी खाजाभाईला बोलावलं.

खाजाभाईंचं सायकलचं दुकान होतं. स्टो, कंदील, कुलपंही दुरुस्त होत. त्यांनी सायकलच्या जुन्या पंपाचं नळकांडं कापलं, आत खोगिराच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या बसवल्या, प्रत्येकीच्या मधोमध छरा जाण्यापुरतं भोक पाडलं आणि ते बंदुकीच्या तोंडावर पक्कं केलं. भोकं साधारण एका रेषेत होती. (सार्वजनिक कामात याला एका रेषेत असंच म्हणतात.) पंचायतीच्या ठरावात त्याचं नाव 'आवाजशामक नळी'. लोक मात्र त्याला मुसकी म्हणू लागले, कारण मळणीत बैलाच्या तोंडाला जे बांधतात त्याचंच ते भावंड दिसत होतं.

चाचणी पंचायतीपुढं झाली. मार्तंडरावांनी बार काढला. कुणी उशीवर हळूच बुक्की मारावी तेवढाच आवाज झाला. डाकबंगल्यावर माणूस धाडला. साहेब घोरत होते. टाळ्या झाल्या. छरा कुठं गेला हे मार्तंडराव विचारत होते, पण तो चाचणीचा विषय नव्हता.

"अप्पा, तोंड जड झालंय हो हिचं," मार्तंडराव म्हणाले. "माझ्या हाताला ती खाली ओढतीय."

"सवय होईल," अप्पा म्हणाले. "आमाला न्हाय का झाली?"

दुसऱ्या दिवशी वानरं आली. मार्तंडरावांनी नेहमीसारखा टोळीच्या म्होरक्या हुप्प्याच्या उजवीकडं वीतभर नेम धरला. छरा नळीतल्या कुठल्याशा चकतीला घासला, डावीकडं वळला आणि थेट हुप्प्याच्या बुडाला लागला. जखम नव्हती, पण अपमान होता. आवाज झालाच नसल्यामुळं हे कुणी केलं ते हुप्प्याला कळेना. त्यानं शेजारच्याच्या थोबाडीत दिली. शेजाऱ्यानं पलीकडच्याला. बघता बघता माळवदावर कुस्त्यांचा फड लागला आणि सगळ्या कुरडया पायांखाली गेल्या. धुरपताबाई खाली उभी राहून डोक्याला हात लावून बघत होती.

गावात हाहाकार झाला. कुरडयांचा नव्हे, मारुतीला छरा लागल्याचा. मार्तंडरावांनी तीस वर्षांत चुकीचा कागद केला नव्हता की चुकीचा बार. ते चावडीत मान खाली घालून बसले.

"नळी सरळ हाय, अप्पा," खाजाभाईंनी सांगितलं. "बंदूकच जरा तिरकी हाय."

उपायही त्यांनीच सुचवला : छरा वीतभर डावीकडं जातोय ना, मग नेम सरळ वानरावरच धरा, म्हणजे लागणार नाही. हे सगळ्यांना पटलं. फक्त मारुतीचे पुजारी उठले. लागलं नाही तरी मारुतीवर नेम धरणं हे मनातलं पाप आहे, असं ते म्हणाले. दिवे लागेपर्यंत चर्चा झाली. शेवटी ठरलं, की मार्तंडरावांनी नेम वानरावर धरावा, पण मन भिंतीवर ठेवावं.

मार्तंडरावांनी तसं केलं. पण दरम्यान नमद्याच्या चकत्या सैल झाल्या होत्या आणि छरा आता कुठंही जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात तो अप्पांच्या पटक्याला, खाजाभाईंच्या दुकानाच्या पाटीला आणि धुरपताबाईच्या घागरीला लागला. एकदा शाळेच्या घंटेला लागून टोल पडला, तेव्हा गुरुजींनी शाळा सोडली. (त्या दिवशी चौथीच्या पोरांनी मार्तंडरावांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला.) वानराला मात्र एकदाही लागला नाही. त्यामुळं पंचायतीनं बंदुकीची अचूकता पूर्ण असल्याचा शेरा मारला. वानरांनीही पळणं सोडलं. ती कठड्यावर रांगेनं बसून कुरडया खात आणि छरा आज कुठं जातो ते बघत.

एका सकाळी धुरपताबाई मार्तंडरावांच्या ओट्यापाशी आली. ते बंदूक मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते. दाढी वाढली होती.

"पेशकारसाब, ती मुसकी काढा. वाजू द्या एकदा."

"वाजली तर शाळेची खोली जाती, बाई."

"आन् न्हाय वाजली तर माझं पोट जातंय. त्ये कुणाच्या कागदात हाय का?"

मार्तंडराव नळीवरून बोट फिरवत राहिले. "हात थरथरायला लागला असता तर एक वेळ चाललं असतं," ते हळूच म्हणाले. "हात चांगला आहे हो माझा."

"ठावं हाय मला," ती म्हणाली आणि गेली.

त्या दुपारी ती माळवदावर चढली, पितळी परात आणि उलथणं घेतलं आणि अशी बडवली, की वानरं थेट डोंगरात जाऊन थांबली. वर तिनं तोंडही सोडलं. वानरांपासून सुरुवात झाली, मग पंचायत आली, मग साहेबांच्या झोपेचा नंबर लागला. मार्तंडराव खाली रस्त्यावर उभे राहून ऐकत होते आणि आठवड्यात पहिल्यांदाच हसत होते.

साहेबांची चिठ्ठी लगेच आली : आवाज बंद व्हावा.

अप्पांनी खाजाभाईकडं पाहिलं. खाजाभाईंनी कानाला हात लावले. "अप्पा, ह्ये काम आपल्या दुकानात व्हायचं न्हाय." तेव्हा पंचायतीनं धुरपताबाईला लेखी विनंती केली, की त्यांनी गावाच्या हितासाठी तक्रार चालू ठेवावी, फक्त ती मनात करावी. धुरपताबाईनं सोऱ्या, परात आणि पातेली बांधली आणि ती भूमकडं, ईट गावाला बहिणीकडं निघून गेली. तिची गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत मार्तंडराव तिच्याबरोबर चालत गेले. परत आल्यावर त्यांनी बंदूक पंचायतीत जमा केली. मुसकीसकट.

माळखड्यात एकदम शांतता झाली. वानरंही येईनात, कारण कुरडयाच नव्हत्या. म्हणजे नळीचा दुहेरी फायदा झाला, असं ठरावात नमूद आहे.

उन्हाळा संपताना साहेब गेले. त्यांचा अहवाल पावसाळ्यात आला. त्यात लिहिलं होतं, की पाहणीत माळखडा हे सर्वांत समाधानी गाव आढळलं. मुक्काम संपता संपता तर एकही तक्रार कानावर आली नाही. जिथं तक्रार नाही तिथं गरज नाही, सबब शाळेची खोली पलीकडच्या गावाला देण्यात येत आहे, जिथले लोक रोज जीपपुढं आडवे पडत होते.

अप्पांनी तो अहवाल चौकट करून शाळेत लावला. त्याखाली बसून तिसरीची पोरं आजही पहिलीचं आणि चौथीचं शिकतात. मार्तंडराव वर्षातून एकदा, कुरडयांच्या दिवसांत, ईटला जातात. तिथं दुपारी फार गोंगाट असतो म्हणे.

बाकी आमचं बरं चाललं आहे. तुमच्या गावाकडूनही इतक्यात काही ऐकू आलेलं नाही. तेव्हा तुमचंही समाधानाचंच चाललं असणार, असं मी सगळ्यांना सांगत असतो.