शत्रूच्या हालचाली

भोरच्या 'ज्वलंत रक्षक दला'ची वेबसाइट २००२ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यावर चार पाने होती : ध्येय, कार्यकारिणी, अभिप्राय आणि 'शत्रूच्या हालचाली'. चौथे पान कोरे होते. कार्यकारिणी अकरा जणांची आणि हालचाल एकही नाही, हे कसे, असा अभिप्राय अमेरिकेतून आला. प्रश्न रास्त होता. तातडीची सभा भरली.

ध्येयाच्या पानानुसार तालुक्यातले सगळे मुसलमान शत्रू होते. अध्यक्ष आनंदराव यांनी आढावा घेतला. किकवीचे दोघे एस.टी.त कंडक्टर असून त्यांच्या हालचाली वेळापत्रकाप्रमाणे होत्या. उरला स्टँडमागचा उस्मान स्टोवाला. सायबर कॅफेवाल्या पप्पूने त्याच्या दुकानाचा फोटो काढला : फळीवर ओळीने मांडलेल्या, पंप काढलेल्या पितळी टाक्या. खाली मजकूर, 'भोरमध्ये स्फोटकांचा कारखाना?' प्रश्नचिन्ह आनंदरावांनी आग्रहाने घातले. ते निवृत्त ग्रामसेवक होते.

आठवड्यात अकरा हजार लोकांनी पान पाहिले. दुबईच्या एका जाणकाराने फोटो मोठा करून पाहिला, तर एका टाकीवर, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसे, नाव घातलेले. 'सौ. चंद्राबाई आनंदराव, उत्रोली.' सूत्रधार महिला सापडल्याबद्दल दलाचे अभिनंदन झाले. तिला धडा कधी शिकवणार, अशीही विचारणा झाली.

चंद्राबाई ही अध्यक्षांची पत्नी. स्टो दुरुस्तीला टाकल्यापासून ती चुलीवर रांधत होती. सभेत तीन तास चर्चा होऊन ठराव झाला, की फोटोतून नाव खोडावे. फोटो ठेवावा.

भोरात या बातमीवर कुणाचाच विश्वास बसला नाही. फोटोत ज्याचा त्याचा स्टो होता. तरीही माणसे एकेक करून आपापला स्टो अर्धवट दुरुस्त झालेलाच घेऊन गेली. दुरुस्तीला दुसरा स्टो कुणी आणीना. तेव्हा उस्मान चंद्राबाईचा स्टो घेऊन उत्रोलीला गेला.

"आनंदराव, त्यो फोटू काढा. दुकान बसलं माजं."

"मनाला लावून घेऊ नका, उस्मानभाई. ते भोरासाठी न्हाईच. भाईरच्या लोकांसाठी हाय."

"मग गिऱ्हाईक हितलं का तुटलं?"

आनंदरावांनी हा प्रश्न विचारार्थ घेतला. चंद्राबाई आतून म्हणाली, "ह्येस्नी इचारा की. स्टो आना म्हनून चारदा सांगितलं, तर म्हनं, आपून तितं दिसाय नको."

पुढच्या महिन्यात उस्मानने दुकानाला कुलूप लावले आणि तो दुसऱ्याच्या टेम्पोवर जाऊ लागला. वेबसाइटला पाचवे पान जोडले गेले, 'कार्यपूर्ती'. त्यावर बंद दुकानाचा फोटो आला. या वेळी प्रश्नचिन्ह नव्हते.

ते स्टोच होते, हे भोरात आजही सगळे मान्य करतात. मागाहून एकच शंका निघाली. हे वाचताना तुमच्याही मनात ती येऊन गेली असेल, म्हणून नोंदवून ठेवतो : काहीच नव्हते, तर त्याने दुकान बंद का केले?