देवदाराचा नमुना

नाव निळी होती की हिरवी, याबद्दल दादारावांची आता खात्री राहिलेली नाही. त्यांच्या आठवणीत ती निळी आहे. पण त्यांच्या आठवणीत चोपडांच्या कुत्र्याचं नाव टायगर आहे, आणि मैत्री, म्हणजे त्यांची मुलगी, सांगते की चोपडांकडे कुत्रा कधी नव्हताच. तेव्हा रंगाचा मुद्दा सोडून देऊ. (बायकोला, म्हणजे रमाबाईंना, विचारता आलं असतं. पण नावेविषयी रमाबाईंना काही विचारायचं नाही असा त्या घरात नियम आहे, आणि तो दादारावांनीच स्वतःला घालून घेतलेला आहे.)

ती पालथी होती, एवढं मात्र नक्की.

चोपडा म्हणजे गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ. टाइल्सच्या धंद्यातून नावापुरते मोकळे झालेले, आवाज मोठा, मनही मोठं. हिंडन नदीच्या पलीकडे, दादरीच्या वाटेवर त्यांचं फार्महाऊस होतं आणि त्यात एक बऱ्यापैकी तळं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी दादाराव आणि रमाबाईंना तिथे जेवायला नेलं. सरसों का साग झालं, मक्याची रोटी झाली. मग सगळे उन्हात खुर्च्या टाकून सुस्तावले आणि रमाबाई उठून तळ्याकडे गेल्या. काठावर विटांवर एक जुनी लाकडी नाव पालथी घातलेली होती. रंगाचे पोपडे निघाले होते, फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. रमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि तिथूनच म्हणाल्या,

"अहो, ही घेऊ या."

दादाराव दचकले. एवढ्या वर्षांच्या संसारात 'घेऊ या' हे शब्द रमाबाईंनी भाजीखेरीज कशाबद्दल वापरले नव्हते. त्या वैनगंगेकाठच्या, पवनीजवळच्या एका गावातल्या. त्यांचे मामा डोंगा चालवायचे, आणि शाळकरी रमा मामांना बाजूला सारून वल्हं आपल्या हातात घ्यायची. मग लग्न होऊन त्या दिल्लीला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या आणि तिथून गाझियाबादच्या सातव्या मजल्यावर. इथे पाणी म्हणजे टँकर.

दादारावांचं उलट होतं. त्यांचं आयुष्यच नद्यांत गेलं, फक्त पाय ओले न होता. नदीतल्या गाळावर रुडकीहून डॉक्टरेट, मग नद्यांची मोजमापं ठेवणाऱ्या एका केंद्रीय खात्यात नोकरी, आणि संचालकाच्या खुर्चीवरून निवृत्ती. पोहता येत नाही. खात्यात त्यांची अशी ख्याती होती की डॉक्टरसाहेबांच्या टेबलावरून फाइल 'होय' किंवा 'नाही' होऊन परत येत नाही, 'आणखी माहिती मागवावी' होऊन येते. खात्यात हा गुण समजला जाई. घरात त्याच गुणापायी पार्कसमोरचा फ्लॅट गेला (जमिनीच्या तपासणीचा अहवाल यायचा होता), मित्राची चालती मारुती गेली, आणि मैत्रीचं एक चांगलं स्थळही गेलं. (त्या बाबतीत मात्र आपण बाबांच्या जन्मभर ऋणी आहोत, असं मैत्री म्हणते.)

चोपडा म्हणाले, "नैनीताल से मँगवाई थी, डॉक्टर साहब. असली देवदार. अब घुटने गए, कौन चलाए. भाभीजी को पसंद है तो आपकी हुई. लकड़ी के भाव दे दूँगा. रखिए यहीं, तालाब कौन-सा भाग रहा है."

"घेऊन टाका," रमाबाई म्हणाल्या.

"हो, म्हणजे, बघावं लागेल," दादाराव म्हणाले, आणि चोपडांकडे वळले. "देखना पड़ेगा. इसका कोई छोटा-सा हिस्सा मिल जाता, घर ले जाने को..."

चोपडा गाडीकडे गेले, डॅशबोर्डच्या कप्प्यात बराच वेळ खुडबुडले आणि अंगठ्यापेक्षा थोडा मोठा असा लाकडाचा तुकडा आणून दादारावांच्या तळहातावर ठेवला. "ये लीजिए. सँभालकर रखना. इसके बिना कुछ नहीं होगा."

दादाराव गहिवरले. नमुन्याशिवाय निर्णय होत नसतो, हे खात्यात भल्याभल्यांना समजावताना त्यांचा घसा सुकला होता. आणि हा टाइल्सवाला माणूस न सांगता समजला होता. नमुनाही किती सुबक. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता, घासून गुळगुळीत केलेला. घरी आल्याबरोबर त्यांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'देवदार. तपासणी प्रलंबित.' आणि तो पुस्तकांच्या कपाटात ठेवला.

मग चौकशी सुरू झाली. खाजगी तळ्यात खाजगी नाव घालायला परवानगी कुणाची लागते, हे विचारायला त्यांनी तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. पहिल्याने राज्य सरकारचं नाव सांगितलं, दुसऱ्याने जिल्ह्याचं, तिसऱ्याला आपण दादारावांबरोबर नोकरी केल्याचंच आठवेना.

"बाबा," मैत्री म्हणाली, "तळं खाजगी, नाव खाजगी, बुडणार तुम्ही, तेही खाजगी. परवानगी कसली मागताय?"

"बुडण्याचा प्रश्न येतोच ना शेवटी."

"मग नाही म्हणून टाका."

"नाही असं कसं म्हणता येईल? अजून सगळी माहिती कुठे आलीय?"

या सगळ्या दिवसांत रमाबाई दुपारी बाल्कनीत बसून काहीतरी शिवत होत्या. दोन जुन्या साड्या, आत कापूस, बाजूने जाड टाके. लांबट, अरुंद अशी एक गादी तयार होत होती. दादारावांनी विचारलं, तर म्हणाल्या, नावेतली फळी टोचते.

"अगं, पण नाव अजून घेतलेली नाही."

"गादीला कुणाची परवानगी लागत नाही ना?"

हे त्यांना लागलं. अशा वेळी साध्या माणसाने चोपडांना फोन करून 'घेतली' म्हटलं असतं. दादारावांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं.

परीक्षेची पद्धत त्यांची स्वतःची होती. नाव तळ्यात घालून पाहिली आणि बुडाली, तर चोपडांची नाव बुडाली. ती जबाबदारी कोण घेणार? त्यापेक्षा नाव जमिनीवरच ठेवायची आणि पाणी नावेत घालायचं. जिथून पाणी आत येऊ शकतं तिथूनच ते बाहेरही जाऊ शकतं, गळतीला दिशा नसते, हे त्यांनी रमाबाईंना कागदावर बाण काढून समजावून दिलं.

"आमच्या गावी नाव पाण्यात घालून बघायचे," रमाबाई म्हणाल्या.

"तुमच्या गावी शास्त्र नव्हतं, रमा."

"नावा होत्या पण."

पुढच्या रविवारी नाव विटांवर सुलटी केली गेली आणि ट्यूबवेलचा जाड पाइप तिच्यात सोडला गेला. चोपडा लांब उभे राहून फोनवर कुणाला तरी टाइल्सच्या भावावरून झापत होते. मिसेस चोपडांनी उन्हं चांगली आहेत म्हणून घरातल्या सगळ्या रजया उताराच्या बाजूच्या गवतावर पसरल्या होत्या. पाणी बोटभर चढलं, वीतभर चढलं, आणि मग नावेच्या पोटाखालून जो लोंढा सुटला तो गवतातून वाट काढत थेट रजयांवर गेला.

"हाय मेरी रजाइयाँ," मिसेस चोपडा म्हणाल्या. पुढचं पंजाबीत होतं.

रमाबाई विटांशी वाकल्या. "अहो, हे सगळं एकाच जागेवरून येतंय का बघा ना."

"गळती अशी एका जागी नसते. ती सगळीकडून असते, आपल्याला एका जागी दिसते. तू ऊठ, कंबर धरेल."

"पण मी बघते ना वाकून."

"रमा, हा माझा विषय आहे."

रमाबाई उठल्या. चोपडा फोन खिशात घालत आले, भिजलेल्या रजयांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि जरा आवाज चढवून म्हणाले, "तो बताइए डॉक्टर साहब. आप तो पानी के एक्सपर्ट हैं. ठीक है या बेकार है?"

सगळे बघत होते. कुणीतरी रजई पिळत होतं. आणि दादारावांनी आयुष्यात पहिल्यांदा असं वाक्य उच्चारलं ज्याला शेपूट नव्हतं.

"बेकार है."

रमाबाई घरी आल्या, गादी घडी करून माळ्यावर टाकली आणि डाळ शिजायला लावली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दादारावांना बाजू मांडता आली असती. त्यांच्याकडे मुद्दे तयार होते. पण त्या मीठ पुरेसं आहे का एवढंच विचारत राहिल्या, आज, उद्या, परवा. दादाराव माळ्याकडे बघत जेवू लागले.

त्यांना एकेक गोष्ट सुचायला लागली. गळते म्हणजे काय, फळ्या बदलता येतात. फटींत डांबर भरता येतं. मुळात आपण 'बेकार' असं म्हणायलाच नको होतं, 'दुरुस्तीयोग्य' म्हणायला हवं होतं, शब्द चुकला. असं करत करत जानेवारी उजाडला आणि चोपडांचं लोहडीच्या सणाचं आमंत्रण आलं, संध्याकाळी फार्महाऊसवर, दोघांनी यायचं. त्या संध्याकाळी कॅबमध्ये बसल्यावर दादाराव म्हणाले,

"रमा, नाव घेऊ या."

रमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुणाला विचारलंत?"

"कुणालाच नाही."

"परत तपासणार?"

"नाही. आज सांगून टाकतो चोपडांना. फळ्या बदलू, रंग देऊ. तुला हवा तो रंग."

रमाबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, गाड़ी वापस लीजिए. दो मिनट का काम है." त्या वर गेल्या आणि गादी काखेत मारून खाली आल्या. दादारावांना वाटलं, तरुण दिसतेय. असं त्यांना शेवटचं कधी वाटलं होतं ते त्यांना आठवेना (पण आठवणीचं काय ते आपण सुरुवातीलाच पाहिलं आहे).

फार्महाऊसचं फाटक उघडलं तेव्हा आत ढोल वाजत होता, माणसं रेवड्या आणि शेंगदाणे आगीत टाकत होती. आग पुरुषभर उंच होती. हवेत एक गोड, राळेचा वास होता, देवळात यावा तसा.

"आइए, आइए," चोपडा हात पसरून आले. रजयांचा राग केव्हाच गेला होता. "डॉक्टर साहब, आपकी मेहरबानी. मैं तो बरसों उसे सँभाले बैठा था. आपने कह दिया बेकार है, तो सोचा चलो, लोहड़ी में ही काम आए. देखिए, देवदार क्या जलती है."

आगीच्या एका बाजूने नावेचं टोक बाहेर आलेलं होतं. त्यावरचा रंग फुगत होता. निळा किंवा हिरवा.

रमाबाईंनी आगीकडे पाहिलं, ढोलवाल्याकडे पाहिलं, काखेतल्या गादीकडे पाहिलं. मग ती गादी आगीपुढे जमिनीवर अंथरली, तिच्यावर बसल्या आणि हात शेकायला पुढे केले.

"बसायला बरी झाली," त्या म्हणाल्या. "या, तुम्हीही बसा. दोघांची आहे."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. चोपडांनी फार्महाऊस विकलं. दादारावांच्या कपाटात तो नमुना तसाच राहिला. पाहुण्यांनी विचारलं तर ते सांगत, एकदा एक सडकी नाव आमच्या गळ्यात पडणार होती, मी वेळीच ओळखली. रमाबाई तेवढ्यात चहा ठेवायला उठत.

मग मैत्रीने दोघांना नैनीतालला नेलं. नावाड्याने नाव काठावरून ढकलण्याआधी खिशातून लाकडाचा एक तुकडा काढला, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि वाकून तळातल्या भोकात मुठीने ठोकून बसवला.

"ये क्या है?" दादारावांनी विचारलं.

"डाट है, साहब. नाव ऊपर रखी हो तो निकाल देते हैं, बारिश का पानी बह जाता है. उतारने से पहले लगानी पड़ती है, नहीं तो सारा पानी यहीं से." मग त्याने सहज विचारलं, "साहब पहली बार बैठ रहे हैं? क्या काम करते थे?"

वल्ही त्याच्या हातातून काढून घेत रमाबाई म्हणाल्या, "पानी के महकमे में थे."

वल्हवणाऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेला असते आणि तोंड मागे बसलेल्याकडे. त्यामुळे अख्खं तळं ओलांडून होईपर्यंत रमाबाई दादारावांकडेच बघत होत्या. हात मात्र अजून सुरेख चालत होते.

पण दिसायला सारखं असणं म्हणजे पुरावा नव्हे. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दादारावांनी कपाटातून नमुना काढला, पिवळी पडलेली चिठ्ठी सोलून काढली, वॉशबेसिनच्या भोकात तो बसवला, काठोकाठ पाणी भरलं आणि पेपर वाचायला जाऊन बसले. पेपर संपला, अग्रलेखसुद्धा संपला.

"अहो," रमाबाईंनी आतून हाक मारली, "बेसिन तुंबलंय. प्लंबरला बोलवू, की आधी आणखी माहिती मागवायची आहे?"

दादाराव आत गेले. पाणी काठाशी होतं तिथेच होतं, त्यात ट्यूबलाइट दिसत होती. ते गुडघे टेकून खाली बसले, चष्मा सावरला आणि बेसिनखालचा पाइप वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिला. ठणठणीत कोरडा होता.